वसतिगृहाचे नियम : खिळा आणि शेगडी एकाच दंडात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस आपल्या अंकात विद्यापीठांच्या वसतिगृहांतल्या शिस्तीवर वाचकांची पत्रं येत आहेत. एक बाजू म्हणते, मुलं हाताबाहेर गेली, नियम आणखी कडक करा. दुसरी म्हणते, मुलं सज्ञान आहेत, नियम हवेतच कशाला. आणि दोन्हीकडची मंडळी भांडतायत ती फाटक रात्री किती वाजता लावायचं यावर. मी वसतिगृहात विद्यार्थी म्हणून राहिलो नाही आणि रेक्टरही नव्हतो. एका विद्यापीठात वायरमन म्हणून लागलो आणि विद्युत पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. वसतिगृहांचे पंखे, दिवे, पाण्याच्या मोटारी, मीटर, सगळं आमच्याकडे. त्यामुळे नियमावलीची माझी ओळख उलट्या बाजूने झाली. कोणता नियम मोडल्यावर काय जळतं ते आधी पाहिलं, नियम नंतर वाचला. त्या बाजूने जे दिसतं ते या वादात कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावायला आपण मुखत्यार आहात.

नियम जास्त आहेत किंवा कमी आहेत, ही माझी तक्रार नाही. सगळे नियम एकाच आवाजात बोलतात, ही आहे. कुठलीही नियमावली काढून बघा. भिंतीला खिळा ठोकू नये. खोलीत शेगडी वापरू नये. गॅलरीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत. जिन्यात सामान ठेवू नये. खाली एकच ओळ : उल्लंघन केल्यास दंडात्मक कारवाई करण्यात येईल. खिळ्याने प्लास्टरचा पोपडा पडतो. शेगडीने मजला पेटतो. कठड्यावरचा टॉवेल दिसायला वाईट दिसतो. जिन्यातल्या सामानाने धुरात वाट सापडत नाही. चौघांना एकच अक्षर, एकच दंड, एकच सूर. अठरा वर्षांचा मुलगा यातून काय घेणार? पहिल्याच आठवड्यात तो आरसा लावायला खिळा ठोकतो, आभाळ कोसळत नाही. मग त्याला वाटतं, बाकीचे नियमही याच जातीचे. पुढे शेगडी येते.

‘विद्युत उपकरणे वापरण्यास सक्त मनाई’ हा नियम मी नोकरीभर पाहिला आणि त्याचं काय होतं तेही पाहिलं. मनाईने खोलीतलं उपकरण जात नाही, लपतं. पाणी तापवायचा रॉड कपाटात, इस्त्री ट्रंकेत, कॉइलची शेगडी कॉटखाली मागच्या भिंतीला चिकटवून. तपासणी निघाली की रेक्टर पहिल्या मजल्यावर असतानाच तिसऱ्यावर निरोप पोचलेला असतो, आणि तापलेला रॉड तसाच स्वेटरांच्या घडीत जातो. लोकरीला वास सुटल्यावर कपाट उघडलेलं मी पाहिलं आहे. उघड वापरला असता तर रॉड बादलीत निवला असता. पकडले जाऊ नये म्हणून दाराला आतून कडी, पडदा ओढलेला, वेळ पहाटे पाचची, सगळे झोपेत. म्हणजे नियमामुळे उपकरण त्याच्या सगळ्यांत धोक्याच्या वेळी आणि सगळ्यांत धोक्याच्या जागी वापरलं जातं.

आता त्यामागची बेरीज सांगतो, कारण ही बेरीज कुठल्याही नियमावलीत छापलेली मी पाहिली नाही. साधा रॉड दीड हजार वॉटचा. २३० व्होल्टला तो साडेसहा अँपियर ओढतो. खोलीतला लहान पॉइंट सहा अँपियरचा. त्यात रॉडची जाड पिन जात नाही, मग पिन काढून टाकतात, वायरची दोन टोकं सोलून भोकांत घालतात आणि निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खुपसतात. अर्थिंगची हिरवी वायर बाहेर लोंबत राहते. जिथे जोड सैल तिथे उष्णता. पॉइंट जळतो तो बहुतेक वेळा असा जोडावरच. बदलायला गेलं की प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूला वाकलेलं असतं, आतली पितळी पत्ती काळी पडलेली, आणि एक काडी अर्धी कोळसा झालेली. त्याच काडीला पुढे गुल असती तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

जुन्या इमारतींत तीन-तीन खोल्या एका सर्किटवर असतात आणि त्यावर सोळा अँपियरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडून पुरवठा तोडणारी कळ. तीन खोल्यांत एकाच वेळी तीन रॉड लागले की साडेएकोणीस अँपियर. लोकांची समजूत अशी की सोळाच्या वर काटा गेला की एमसीबी पडणारच. तसं नसतं. ठरलेल्या मानकाप्रमाणे एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर न पडता सोसायचा असतो, आणि १.४५ पटीला तासाभरात पडायचं असतं. साडेएकोणीस म्हणजे १.२२ पट. तो पडेल, नाहीतर नाहीही. पंधरा लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायला रॉडला सतरा-अठरा मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात तो बहुधा पडत नाही. इकडे भिंतीतली वायर मात्र तापते, कारण प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वायरवरचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं. ती इमारत बांधली तेव्हा खोलीत एक दिवा, एक पंखा आणि फार तर एक टेबललॅम्प एवढाच हिशेब होता.

आणखी एक गैरसमज मुलांत आणि, माफ करा, प्राध्यापकांतही पक्का असतो. एमसीबी बसवला म्हणजे शॉक लागणार नाही, असं त्यांना वाटतं. एमसीबी वायरला वाचवतो. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं, त्याला आरसीसीबी म्हणतात. तीस मिलिअँपियर प्रवाह वाट चुकून बाहेर पडला की तो पुरवठा तोडतो. रॉड चालू असताना पाणी किती तापलं ते बोट घालून बघायची सवय ज्यांना आहे त्यांच्यासाठी त्या दोन यंत्रांतला फरक जिवाचा आहे. किती वसतिगृहांत मजल्या-मजल्यावर आरसीसीबी आहेत, हे एखाद्या वार्ताहराने हिंडून बघावं. बातमी मिळेल.

मग नियम कसा हवा? आम्ही एका वसतिगृहात एक प्रयोग केला होता. प्रत्येक मजल्यावर एक अडगळीची कोठी होती. ती रिकामी केली, दगडी ओटा घातला, सोळा अँपियरचे चार पॉइंट दिले, प्रत्येकाला वेगळा एमसीबी, सगळ्यांवर मिळून एक आरसीसीबी, अर्थिंग नव्याने केलं आणि टायमर बसवला. इस्त्री, केटल, जे काय असेल ते इथे वापरा, खोलीत नाही. सोबत गच्चीवरचं सोलर दुरुस्त करून घेतलं, कारण गरम पाणी नळाला आलं की रॉड विकत घ्यायची बुद्धी कुणाला होत नाही. लेखा विभागाने विचारलं, या पॉइंटांचं बिल कोण भरणार? आमचे साहेब म्हणाले, आत्ता चोरून वापरतात त्याचं बिल कोण भरतंय? त्या इमारतीत जळके पॉइंट बदलायला जाणं पुढे जवळजवळ थांबलं.

त्या वेळी मी प्रत्येक मजल्याच्या डीबीशेजारी, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीशेजारी, वरची बेरीज लिहून चिकटवली होती. दीड हजार भागिले दोनशेतीस, तीन खोल्या, इतके अँपियर, एवढंच. मनाईचा शब्द नाही, सहीशिक्का नाही. मुलं उभी राहून वाचायची. एकाने पेन्सिलने खाली लिहिलं, ‘पॉवर फॅक्टर?’ दुसऱ्याने त्याच्याखाली लिहिलं, ‘रॉडचा एकच असतो, झोप.’ उत्तर बरोबर होतं : पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा, आणि रॉडमध्ये तो पूर्ण, म्हणजे १, असतो. नियमावलीच्या कुठल्याही पानावर कुणी अशी चर्चा केलेली मला आठवत नाही. सही करून ती गादीखाली जाते.

कारण लिहून नियम करायचा ही काही आजची कल्पना नाही. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू नालंदेत राहून गेला. त्याने तिथल्या राहणीचं बारीक वर्णन लिहून ठेवलं आहे. वर्षावासाआधी, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात त्या काळाआधी, दरवर्षी संघ बसून खोल्यांचं वाटप करी, ज्येष्ठांपासून सुरुवात करून क्रमाने लहानांपर्यंत. तीन हजारांवर माणसं राहत होती, भांडणं काय कमी झाली असती? पण इत्सिंग नियम सांगून थांबत नाही, लगेच दोन कारणं देतो. एक, अशा वाटपाने माणसाचा स्वार्थ जातो. दोन, खोल्यांची नीट राखण होते. दुसरं कारण वाचून मी हसलो. इमारतीची देखभाल करणाऱ्या कुणाशी तरी तो बोलला असणार. हीच खोली कायम माझी, असं एकदा झालं की तिच्यात काय फुटलं हे दुसऱ्या कुणाला कळत नाही.

दर वर्षी खोली बदलण्याचा विषय निघालाच आहे तर अनामत रकमेचंही सांगतो, थोडक्यात. खोली ताब्यात घेताना पंखा, पॉइंट, कडी-कोयंडा, खिडकीची काच, गादी यांची स्थिती लिहिलेला कागद दोन सह्यांचा हवा, एक विद्यार्थ्याची, एक वसतिगृहाची. तो नसतो. वर्षाच्या शेवटी ‘नो ड्यूज’ला रांग लागते आणि तीन वर्षांपूर्वी कुणीतरी फोडलेल्या स्विचचे पैसे आजच्या मुलाच्या अनामतीतून जातात. मुलांनी पहिल्याच दिवशी फोनवर खोलीचे फोटो काढून वसतिगृहाच्या ईमेलवर पाठवून द्यावेत. कुणाची परवानगी लागत नाही.

आता कुलपाकडे येतो. वाचकांच्या पत्रांत ज्यावर सगळ्यांत जास्त शाई खर्च झाली, तेच फाटक. पण ते किती वाजता लागतं याहून, लागल्यावर आतून कसं उघडतं, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

बहुतेक वसतिगृहांना दोन जिने असतात. पुढचा वापरात. मागचा नकाशात. मागच्या जिन्याच्या तळाशी चॅनल गेट, त्याला कुलूप, कारण ‘तिथून मुलं बाहेर जातात’. किल्ली पहारेकऱ्याकडे, पहारेकरी फेरीवर, नाहीतर किल्ली कार्यालयात आणि कार्यालयाला दुसरं कुलूप. जिना बंद म्हटल्यावर ती जागा रिकामी कोण ठेवणार? मोडक्या कॉटा, फाटक्या गाद्या, जुनी टेबलं तिथे जातात. लाकूड, कापूस, रेक्झिन. आग लागली तर धूर वर चढायला जिना हीच वाट असते, आणि त्याच वाटेवर आपण इंधन रचून ठेवतो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, वसतिगृहं निवासी इमारतींच्या गटात येतात. त्या संहितेत स्पष्ट आहे की बाहेर पडण्याचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे आणि बाहेर पडायची वाट मोकळी असली पाहिजे. आपल्या राज्यात तर ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ आहे. त्याखाली इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. तेव्हा मागच्या जिन्याचं कुलूप हा रेक्टरच्या मर्जीचा विषय नाही.

कुलपाने काय होतं ते सांगायला दूरचे दाखले द्यावे लागतात याचं मला बरंच वाटतं. मॉस्कोत २४ नोव्हेंबर २००३ ला पहाटे लोकमैत्री विद्यापीठाच्या वसतिगृहाला आग लागली. परदेशांतून शिकायला आलेली मुलं त्यात होती. ४४ जण गेले. बाहेर पडायच्या काही वाटा बंद होत्या. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. दुसरा दाखला विद्यापीठाचा नाही, शाळेच्या वसतिगृहाचा आहे, पण तो आपल्या नियमांना जास्त लागू पडतो. मे २०२३ मध्ये गयाना देशात माहदिया इथे मुलींच्या वसतिगृहाला आग लागली. खिडक्यांना गज होते. मुली रात्री बाहेर जाऊ नयेत म्हणून दारं बंद ठेवलेली होती, आणि धुरात किल्ल्या वेळेवर सापडल्या नाहीत. जवळपास वीस जीव गेले, बहुतेक मुलीच. आग एका मुलीनेच लावल्याचं तपासात पुढे आलं, आणि तिचा राग होता तो फोन काढून घेतल्याचा. फोनचा नियम, बाहेर जाण्याचा नियम, कुलपाचा नियम, प्रत्येकामागे कुणाच्या तरी मते मुलींचं भलंच होतं.

मी फाटक उघडं टाका असं म्हणत नाही. बाहेरच्याला आत येऊ न देणं ही गरज खरी आहे, आणि मुलींच्या वसतिगृहात तर फारच खरी. पण बाहेरच्याला अडवणारं दार आतल्याला अडवलंच पाहिजे असं नाही. आतून छातीच्या उंचीवर आडवा दांडा असलेलं दार मिळतं. दांडा ढकलला की दार उघडतं, बाहेरून त्याला मूठच नसते. उघडलं की पहारेकऱ्याच्या चौकीत घंटा वाजते. नियम तेवढाच : संकट नसताना हे दार उघडलंत तर घंटा वाजेल आणि विचारणा होईल. मी असं एक दार बसवून दिलं आहे. बसवण्याआधी बैठकीत दोन तास एकच चिंता, मुलं त्यातून पळाली तर? शेवटी एक वयस्कर प्राध्यापिका म्हणाल्या, पळाली तर आपल्याला कळेल तरी. आत्ता ती भिंतीवरून जातात तेव्हा आपल्याला काय कळतं?

मुलींच्या आणि मुलांच्या वेळा वेगळ्या असाव्यात का, यावर मी बोलणं म्हणजे वायरमनने उंटावरून शेळ्या हाकणं, असं कुणाला वाटेल. पण हे माझं मत नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत, लैंगिक छळ प्रतिबंधाचे, २०१६ मध्ये अधिसूचित झालेले. सुरक्षिततेचं कारण देऊन विद्यार्थिनींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, आणि सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर पहारे बसवू नयेत, असं त्यात आहे. फोनच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. वसतिगृहात ठरावीक वेळेत फोन वापरायला बंदी होती, तिने ती मानली नाही, तिला काढून टाकलं. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि तिला परत घ्यायला लावलं. आपल्याकडच्या कित्येक नियमावल्या या दोन्हींच्या आधी टंकलेखन यंत्रावर टाइप झाल्या आणि नंतर फक्त त्यांच्या झेरॉक्स निघाल्या. झेरॉक्सची झेरॉक्स. काही पानांवर तर ‘ट्रान्झिस्टर मोठ्याने लावू नये’ अजून आहे.

यावरून कुणाला वाटेल मी सरसकट मुलांच्या बाजूचा आहे. तर नाही. धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून आत सिगारेट ओढणारी मुलं मी खूप पाहिली. पिशवी नंतर कुणी काढत नाही. वाढदिवसाला आग विझवायचा लाल सिलिंडर काढून मित्राच्या अंगावर पावडर उडवायची, ही तर रीतच झाली आहे. पावडर डोळ्यांत, नाकात जाते हे एक. दुसरं त्यांना माहीतच नसतं. एकदा मूठ दाबली की पावडरचे कण झडपेत अडकतात, झडप पूर्ण बसत नाही, आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. सिलिंडर पुन्हा हुकावर टांगला जातो, दिसायला भरलेला, काटा शून्यावर. या एका गोष्टीला दंड नको, सरळ वसतिगृहातून काढा, असं माझं मत आहे. काही रेक्टरना ते फार वाटेल.

खोटी घंटा वाजवणं हाही मुलांना गमतीचा भाग वाटतो. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या सेटन हॉल विद्यापीठात १९ जानेवारी २००० ला पहाटे वसतिगृहाला आग लागली. घंटा वाजली. पण तिथे खोट्या घंटा इतक्या वेळा वाजून गेल्या होत्या की बरीच मुलं उठलीच नाहीत. तीन विद्यार्थी गेले. इमारतीत पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. आग दोघा विद्यार्थ्यांनीच लावली होती. त्याच वर्षी त्या राज्याने सगळ्या वसतिगृहांत स्प्रिंकलर बसवणं कायद्याने बंधनकारक केलं.

पाहुण्याच्या नियमावरही थोडं. वसतिगृहात ज्याला सगळे ‘पॅरासाइट’ म्हणतात तो, नावावर खोली नसलेला, मित्राच्या खोलीत खाली गादी टाकून राहणारा मुलगा. त्याला हाकलायच्या मोहिमा निघतात, रात्री दारं ठोठावली जातात. मुळात जागा अर्ज करणाऱ्यांच्या मानाने थोड्या आणि बाहेर खोली घ्यायची ऐपत नाही, म्हणून तो तिथे असतो. हौस म्हणून कुणी फरशीवर झोपत नाही. तरी हा नियम हवा, असं मी म्हणतो, आणि कारण पुन्हा आमच्या खात्यातलं आहे. दोघांच्या खोलीत पाच जण म्हणजे पाच चार्जर, तीन लॅपटॉप, दोन एक्स्टेंशन बोर्ड एकमेकांत अडकवलेले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आग लागल्यावर बाहेर डोकी मोजताना यादीत नसलेल्याला कुणी शोधत नाही. म्हणून त्याचं नाव वहीत असू द्या. ठरावीक दिवसांपुरता, ओळखपत्र घेऊन, कमी शुल्कात राहू द्या. लपवायला लावलंत तर तो राहायचा तसा राहतोच, फक्त तुमच्या वहीत नसतो.

रॅगिंगबद्दल आयोगाचे २००९ चे विनियम कडक आहेत. दरवर्षी विद्यार्थ्याचं आणि पालकांचं वेगवेगळं शपथपत्र, नव्या मुलांची शक्यतो वेगळी इमारत, वॉर्डनच्या अचानक फेऱ्या. कागदावर सगळं होतं. माझ्याकडे त्यात भर घालायला एक छोटी गोष्ट आहे. एखाद्या मजल्याच्या टोकाचा किंवा गच्चीच्या जिन्यातला एकच दिवा पुन्हा पुन्हा जातो. बल्ब बदलावा, आठवड्यात पुन्हा अंधार. बल्ब उडालेला नसतो, काढलेला असतो, कधी नुसता सैल केलेला. अशी तक्रार दुसऱ्यांदा आली की मी बल्ब लावायच्या आधी रेक्टरच्या कानावर घालायचो. कुणाला तरी तिथे अंधार हवा आहे, आणि तो कशासाठी हे विचारणं रेक्टरचं काम. विद्युत विभागाची तक्रारवही आणि वॉर्डनची वही आठवड्यातून एकदा शेजारी ठेवून वाचली, तर शपथपत्रांपेक्षा जास्त कळेल.

दंडाच्या बाबतीत एवढंच, की ठरावीक रकमेचा दंड हा हळूहळू परवाना होतो. ज्याच्या घरून पैसे येतात तो दंड भरून शेगडी वापरतो. ज्याच्या घरून येत नाहीत, त्याच्या निर्वाह भत्त्यातून तो जातो. त्यापेक्षा जप्त केलेल्या उपकरणाची पावती द्या आणि सुट्टीला घरी जाताना ते परत करा. आणि जमलेला दंड कुठे जातो ते सूचनाफलकावर लावा. मी त्यातून एकही आरसीसीबी बसलेला पाहिला नाही.

विद्यापीठांकडे मागणी म्हणाल तर फार नाही. नियमावली फाडून दोन भागांत छापा. जिवाशी गाठ असलेले नियम पहिल्या पानावर, मोजके, प्रत्येकापुढे कारण. उरलेले, खिळे-टॉवेल-आवाज-पाहुणे, मजल्यावरच्या मुलांनी दरवर्षी बसून ठरवावेत. त्यात रेक्टरने लक्ष घालायचं ते भांडण मिटत नसेल तेव्हाच. पहिल्या पानातला एखादा नियम वसतिगृहानेच मोडला, म्हणजे जिना बंद असला, सिलिंडरची तारीख उलटून गेली असली, तर त्याची तक्रार करणाऱ्या मुलाला त्रास होणार नाही, हेही तिथेच लिहा.

प्रवेशाचे दिवस आहेत. आई-वडील मुलाला सोडायला येतात, खोलीचा रंग, खिडकी, संडास-बाथरूम बघतात. ते बघून झालं की मुलाला घेऊन मागच्या जिन्याने खाली उतरा आणि तळाचं दार हाताने ढकला. उघडलं नाही तर तिथेच उभं राहून किल्ली मागवा, आणि ती यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मग कार्यालयात जाऊन या जुलैचा नमुना ‘ब’ दाखवा म्हणा.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)